तिसरा गेज

आई गाडीतून उतरायला तयार नाही. मी पुन्हा जाऊन आलो. ती मागच्या सीटवर बसली आहे, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. काच खाली करून बोलते. चहा घेतला आणि कप खिडकीतून परत दिला. तिच्या सुनेनं, नीलिमानं जेवणाचं ताट नेलं, तेही खिडकीतूनच. गाडी आपल्याच फाटकाच्या आत पेरूच्या झाडाखाली उभी आहे आणि ती कुठंही जाणार नाही, कारण बाबांनी स्टिअरिंगला लाल चिठ्ठी बांधली आहे. आईचं म्हणणं एवढंच, की लग्नाला जायला बसली, आता लग्नातच उतरीन.

ती. बेबीताईस सप्रेम जयभीम. हे सगळ्यात वर यायला हवं होतं, पण वर आई बसली आहे. जीजाजींना जयभीम, प्रणोतीला आशीर्वाद. तुझी शुगर कशी आहे? लग्नघरात गोड समोर येतच राहतं, हात आवर. इकडील सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे. मी ते लिहिणार नाही. फोन केला असता, पण हल्ली या घरात फोन बाबा उचलतात, स्पीकरवर टाकतात आणि टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसतात. माझा मोबाइल वाजला तरी तेच. म्हणून लिहितो आहे. याचे फोटो काढून तुला पाठवीन. वाचून झाले की पुसून टाक, कारण तिकडे आल्यावर (आलो तर) बाबा तुझाही फोन बघतील.

तू रोज विचारतेस, निघाले का? बाबा रोज सांगतात, प्रेशर पाहून राहिलो. जीजाजींनी परवा सल्ला दिला, की चौकातल्या पंपावर हवा भरून घ्या. ताई, हवेचा प्रश्न नाही. तेलाचा आहे. इंजिनात तेल असतं, ते एक पंप खालून वर ढकलतो, ते सगळ्या फिरत्या भागांमधून वाहतं आणि परत खाली येतं. त्या ढकलण्याला किती जोर पडतो आहे ते एक काटा दाखवतो. आपल्या गाडीत हा काटा नव्हताच. फक्त एक लाल दिवा होता, तेलाच्या किटलीचं चित्र असलेला. किल्ली फिरवली की लागायचा, इंजिन सुरू झालं की विझायचा. तो विझलेला असेपर्यंत सगळं बरं आहे असं समजून आपण इतकी वर्षं पचमढीला गेलो, अमरकंटकला गेलो, तुझ्याकडे तर कितीदा आलो. बाबाही येत होते, आणि वाटेतल्या लखनादौननंतर झोपत होते. हे लक्षात ठेव. पुढं कामाला येईल.

मग वेदांग आला. (तुझा होणारा जावई आहे, मला त्याच्याविषयी वाईट लिहायचं नाही. मुलगा चांगला आहे. नीलिमालाही आवडला.) प्रणोती त्याला आजी-आजोबांच्या पाया पडायला घेऊन आली तेव्हा तू नव्हतीस, म्हणून सांगतो. बाबांनी त्याला विचारलं, काय करता? तो म्हणाला, नागपूरला बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांचं शोरूम सांभाळतो. बाबांनी विचारलं, तिच्यात तेल कोणतं? तो म्हणाला, आजोबा, तेल नसतंच. बाबा उठले आणि शोकेसमधला दाब मोजायचा तो पितळी गेज काढून आणला, सेक्शनच्या पोरांनी रिटायरमेंटला दिलेला, लाकडी पाटावर बसवलेला. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला तो बघावा लागतो. वेदांगनंही बघितला. फॅक्टरीत जे जे माप घ्यायचं यंत्र होतं, ते खरं बोलतं की खोटं, हे तपासायचं काम बाबांनी जन्मभर केलं, हेही त्यानं नीट ऐकलं. आणि मग हसून, अगदी मायेनं म्हणाला, “आजोबा, आता काटे कोण पाहतं? गडबड असली तर गाडी स्वतःच मोबाइलवर सांगते.”

बाबा नीलिमाला म्हणाले, याला आणखी थोडे पोहे वाढ. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शोकेसमध्ये नुसता पाट होता. पितळी गेज गाडीत गेला होता. लाल दिव्याची कळ इंजिनातून काढून त्यांनी सुपारीच्या डबीत ठेवली, तिच्या जागी बारीक तांब्याची नळी जोडली, ती नळी डॅशबोर्डपर्यंत आणली आणि तिच्या टोकाला गेज बसवला. म्हणजे इंजिनातलं गरम तेल आता माझ्या गुडघ्याजवळून जातं. सुरुवातीला जोड सैल होता, माझ्या ऑफिसच्या दोन पँट गेल्या. बाबा म्हणाले, दिवा काय कामाचा? दिवा मेल्यावर सांगते. काटा आजारपणातच सांगते.

ते खरंही असेल. पण ताई, आजारपण आधी कळण्यात सुख नाही. पूर्वी मी गाडी चालवत होतो. आता मी काटा बघतो आणि गाडी आपली चालते. सकाळी इंजिन सुरू केलं की काटा पार वर. मला वाटायचं, वा. घमापूरच्या चौकात पोचेपर्यंत तो उतरायला लागतो. सिग्नलला थांबलो की आणखी खाली, जवळजवळ झोपतो. मागचे हॉर्न वाजवतात, मी काट्याकडे बघतो. मला वाटलं तेल कमी आहे. (तुलाही तेच वाटलं असतं.) मी बडा फुहाऱ्याच्या बाजारात आईला लग्नाच्या साडीसाठी घेऊन गेलो तेव्हा वाटेत तेलाचा डबा घेतला आणि ओतला. काटा हलला नाही. आणखी ओतला. परत येताना आमच्या मागून इतका धूर निघाला, की एक मोटारसायकलवाला शेजारी येऊन म्हणाला, “भैया, गाड़ी है कि ईंटों का भट्टा?” आईनं नवी साडी तोंडाला लावली. घरी आल्यावर बाबांनी अर्धं तेल काढलं आणि मला पेरूखाली उभं करून समजावलं. तेल किती आहे ते काटा सांगत नाही, ते तेलात बुडवायची काडी सांगते. तेलाला पुढं जायला किती अडून राहिलं, ते काटा सांगते. थंडीत तेल घट्ट असते, वाट देत नाही, म्हणून काटा वर. गरम झालं की पातळ होते, सरळ वाहते, काटा खाली. इंजिन हळू फिरलं की आणखी खाली. गाडीच्या पुस्तकात एक खालची हद्द लिहिली आहे, तिच्या वर असला म्हणजे झालं. काटा वर असणं म्हणजे इंजिन खूश असणं नाही, अश्वजीत. मी विचारलं, मग आपला हद्दीच्या वर आहे का? बाबा म्हणाले, आहे. मी म्हटलं, मग झालं. बाबा म्हणाले, एका गेजवर कोणी विश्वास ठेवते काय?

आपल्या घरातल्या माणसाला हे सांगायला नको. एक यंत्र म्हणजे साक्ष नाही, दोन जुळले म्हणजे साक्ष. लहानपणी मला ताप आला की दोन थर्मामीटर लागायचे, आणि ते जुळेपर्यंत मला शाळेत जावं लागायचं. म्हणून बाबा गोहलपूरला गेले. भंगाराच्या दुकानांत सबंध दुपार बसून त्यांनी दुसरा गेज शोधला. हा पौंडात दाखवतो, पितळी किलोत. बाबा मनातल्या मनात हिशेब करतात. दोन्ही जुळले. थंड असताना जुळले, गरम असताना जुळले, एक्सिलेटर दाबल्यावर जुळले, सोडल्यावर जुळले. बाबांच्या सेक्शनमध्ये दोन जुळले की वाद संपायचा आणि शिक्का बसायचा. तोंडं गोड करावी म्हणून मी जिलबी आणली.

बाबांनी तिसरा गेज आणला.

ताई, इथं जरा नीट वाच. हा तिसरा बॉयलरचा आहे. पुरणपोळीएवढा मोठा. त्याची तबकडी एवढ्या मोठ्या जोरासाठी आहे, की आपल्या इंजिनाच्या तेलाची त्याला दखलही नाही. काटा शून्याच्या खुंटीवर बसून नुसता थरथरतो. गोहलपूरच्या मिस्त्रीनं तो बसवताना मला बाजूला घेऊन म्हटलं, “भैया, तीनों निकाल के फेंक दो, टेंशन खतम.” मी नुसती मान हलवली. मोजायचं ते तबकडीच्या मध्यावर आलं पाहिजे, टोकाला आलेलं वाचन वाचन नव्हे, हे मला कोणी शिकवलं? बाबांनी. सहावीत, प्रयोगवहीवर, कान धरून. आणि आता बाबा रोज संध्याकाळी गाडीत बसतात, इंजिन गरम करतात, दोन चांगल्या काट्यांकडे बघतही नाहीत, त्या थरथरणाऱ्या काट्याकडे बघतात आणि उतरून आईला सांगतात, एक तयार नाही.

बाबा लग्नाला नाही म्हणाले नाहीत. तू विचारलंस तेव्हाही नाही. पत्रिका आली तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचली. (लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा ते शर्टाच्या खिशात ठेवतात हे तुला माहीत आहे. ज्या यंत्राविषयी शंका, त्याला चिठ्ठी बांधायची, मग त्याला कोणी हात लावायचा नाही. आपल्या मिक्सरला दोन वर्षं होती. पत्रिका वाचून झाल्यावर त्यांनी खिसा चाचपला. आईनं बघितलं. मग त्यांनी रुमाल काढला.) नाही म्हणायची त्यांना लाज वाटते, कारण मुलात खोट नाही. म्हणून ते काट्याकडून म्हणवून घेत आहेत. मी रेल्वेचं तिकीट काढतो म्हटलं. बाबा म्हणाले, तुम्ही जा, मी गाडीनं येतो. गाडी निघणार नाही हे त्यांना माहीत आणि मलाही. आई म्हणाली, नातीच्या लग्नात मी एकटी उभी राहीन काय? लोक विचारतील, भैयालालजी काहून नाही आले? मी काय सांगू, काटा खाली होता?

काल मी शेवटचा उपाय केला. विष्णूकाकांना बोलावलं. फॅक्टरीत नियम होता, की वाचन एकानं घ्यायचं आणि सही दुसऱ्यानं करायची. बाबांच्या वाचनावर काकांची सही, काकांच्या वाचनावर बाबांची, तीस वर्षं. काका आले, चष्मा पुसला, इंजिन गरम करायला लावलं. पहिला गेज बघितला. दुसरा बघितला. तिसऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग बाबांना विचारलं, हा कोणी लावला?

बाबा पेरूच्या झाडाकडे बघत होते. झाडाला पेरू नाहीत.

काका म्हणाले, “भैयालाल, बॉयलरचा गेज हाये हा. तू लावला?”

“जास्तीचा म्हणून लावला.”

“इंजिन ठीक हाये. तूच गरम हून राहिला.” आणि काकांनी सही केली नाही, चहा घेतला नाही, फाटकातून वळून मला म्हणाले, “याचं मी आता काही वाचू शकत नाही, बेटा.” बाबा रात्री जेवले नाहीत. मला वाटलं, आता निघणं होईल. आज सकाळी सामान काढलं. पोरीची, वैभवीची, शाळेतून रजा घेतली, मला ऑफिसातून मिळाली (कशी ते विचारू नकोस). आई आंघोळ करून, पिशवी घेऊन, सगळ्यांच्या आधी मागच्या सीटवर जाऊन बसली. मी किल्ली घेऊन आलो, तर स्टिअरिंगला लाल चिठ्ठी. तीन वाचनं जुळत नाहीत, शंका, वापरू नये. खाली बाबांची सही. दुसऱ्या सहीची जागा कोरी.

मी ती तोडू शकलो असतो. कात्री घरात आहे. पण ताई, या घरात जन्मलेल्या माणसाचा हात त्या चिठ्ठीपर्यंत जात नाही. तुझाही गेला नसता. मिक्सर दोन वर्षं बंद होता तेव्हा आपण पाट्यावर वाटलं.

सकाळपासून हे असं आहे. शेजारच्या इंदिराकाकू दोनदा येऊन गेल्या, एकदा काळजीनं आणि एकदा बघायला. वैभवी खिडकीशी उभी राहून आजीला मोबाइलवर गाणी ऐकवते आहे. आई अधूनमधून पिशवी उघडून सराफ्यातून घेतलेली प्रणोतीची कानातली जागेवर आहेत ना ते बघते. बाबा व्हरांड्यात पेपर वाचत आहेत. सकाळपासून एकच पान. दोघांमध्ये साताठ पावलांचं अंतर आहे आणि एकमेकांशी बोलायचं ते माझ्याकडून पाठवतात. बाबांनी विचारायला लावलं, गुडघे अवघडले काय? आईनं उत्तर दिलं, “त्यांचा काटा सकाळी वर असते, दुपारी खाली येते. चाळीस-पन्नास वर्षं मी पाहून राहिली. मले गेज नाही लागला.” मी हे उत्तर बाबांना नेऊन दिलं. त्यांनी पेपर उलटा केला, मग सरळ केला.

परवा लग्न आहे. मला काही सुचत नाही. इंजिन ठीक आहे, तेल ठीक आहे, रस्ता नवा झाला आहे, पेट्रोलचेही पैसे दिलेले आहेत आणि आम्ही पेरूखाली उभे आहोत. सर्वांना यथायोग्य. काळजी करू नकोस, हे लिहायचं म्हणून लिहितो.

तुझा भाऊ,
अश्वजीत

ता. क. एवढं सगळं एका कामासाठी लिहिलं, ते राहूनच गेलं. वेदांगला सांग, आज बाबांना फोन कर. माफी मागायची नाही, त्यांना माफीचं काय करायचं ते समजत नाही. हालहवाल विचारायची नाही. फक्त विचारायचं, “आजोबा, इंजिन गरम झाल्यावर काटा किती आहे?” आणि मग ऐकायचं. मध्ये वा, अच्छा, असं काही म्हणायचं नाही. मोबाइलमध्ये शोधून उलट काही सांगायचं नाही. उत्तर समजलं नाही तरी चालेल. मला कुठं समजलं होतं? बॉयलरच्या गेजचं नाव काढू नये. एवढं केलं तर बाबा निघतील असं वाटतं.

आणखी एक. हे पत्र फोटो काढायच्या आधी आईला दाखवलं. तिनं गाडीतला दिवा लावून सगळं वाचलं आणि म्हणाली, पाठवू नको. पोराला पढवून करायला लावलेला फोन तुझ्या बापाला पहिल्या शब्दाला समजेल. खोटं वाचन पकडायचीच त्यांना पेन्शन भेटते. तेव्हा वरचं काम रद्द. वेदांगला काही सांगू नकोस. आता माझ्याकडे दुसरा उपाय नाही. गाडीतला दिवा तसाच राहिला होता. बॅटरी उतरेल म्हणून बाबा तो बंद करायला सांगायला गेले. दिवा बंद झाला. बाबा अजून परत आलेले नाहीत. मी जेवून घेतो.

सकाळ. उठून बाहेर आलो तर बॉनेट उघडं होतं आणि बाबा हात पुसत होते. डॅशबोर्डला तीन भोकं आहेत. सुपारीची डबी रिकामी आहे, लाल दिव्याची कळ जागेवर गेली. बॉयलरचा गेज आणि भंगारातला गेज पेरूखाली ठेवले आहेत. त्यांपैकी बॉयलरच्याला स्टिअरिंगवरची लाल चिठ्ठी आहे. पितळी गेज स्वच्छ पुसून परत पाटावर बसवला आहे आणि आईच्या पिशवीत आहे, आहेराच्या कागदात. त्याला पांढरी चिठ्ठी आहे, तपासले, बरोबर, आणि खाली बाबांची सही. दुसरी सही आईची आहे. मी किल्ली फिरवली. दिवा लागला, इंजिन सुरू झालं, दिवा विझला. बाबांनी एवढंच विचारलं, त्या पोराला चष्मा आहे काय, आकडे बारीक आहेत. पत्र पाठवलं नाही, खिशात आहे. हे लखनादौनच्या पुढं एका चहाच्या टपरीवर लिहितो आहे. आई रात्रभर टॉर्च धरून होती, ती मागे झोपली आहे. बाबा जागे आहेत.